लॅपटॉप घेताना फर्मवेअरचेही विचारा

नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीने आपल्या ग्राहकांना एक तातडीची सूचना पाठवली. कंपनीच्या सर्व्हरमध्ये बसवलेले काही एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, ३२,७६८ तास चालले की कायमचे बंद पडतील, असे त्यात म्हटले होते. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. त्यानंतर ड्राइव्हही परत मिळणार नाही आणि त्यातला डेटाही नाही. उपाय एकच, तो क्षण येण्याआधी ड्राइव्हचे फर्मवेअर बदलून घ्या.

हा आकडा पाहिला की संगणक शिकलेल्या कोणालाही कारणाचा अंदाज येतो. १६ बिटच्या खान्यात धन आणि ऋण असे दोन्ही आकडे ठेवायचे असतील, तर त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ३२,७६७. ड्राइव्ह किती तास चालला याची मोजणी त्याच्या पुढे गेली की खाना भरतो आणि हिशेब उलटा फिरतो. ड्राइव्हच्या चिपा शाबूत, वीज येते आहे, कुठे काही जळालेले नाही. पण आतल्या एका छोट्या प्रोग्रॅमला पुढचा आकडा मोजता येत नाही म्हणून सगळे ठप्प.

सर्व्हरमध्ये एक ड्राइव्ह गेला तरी काम अडू नये म्हणून एकाच माहितीच्या प्रती अनेक ड्राइव्हवर ठेवतात. पण हे सगळे ड्राइव्ह एकाच दिवशी, एकाच खोक्यातून काढून बसवलेले असतील तर ते एकाच तासाला बंद पडणार. राखीव गडीही त्याच क्षणी आडवा. पुढे मार्च २०२० मध्ये त्याच कंपनीने आणखी काही मॉडेलबाबत अशीच सूचना दिली. या वेळी आकडा ४०,००० तासांचा होता.

आरोग्याच्या सदरात हे कशाला, असे वाचकांना वाटेल. कारण साधे आहे. वैद्यकीय कामाचा मोठा भाग आता लॅपटॉपच्या पोटात राहतो. निवासी डॉक्टरांचे तीन वर्षांचे थिसिस, त्यासाठी गोळा केलेली शेकडो रुग्णांची नोंद, सोनोग्राफीच्या प्रतिमा, खासगी दवाखान्यातले केसपेपर, बिले हे सगळे तिथेच. सरकारी रुग्णालयात शिकायला आलेली मुले पहिल्या स्टायपेंडमधून लॅपटॉप घेतात, तेव्हा ती दोन गोष्टी विचारतात: किती जीबीचा एसएसडी आणि वेग किती? त्या ड्राइव्हच्या फर्मवेअरची जबाबदारी कोणाची आणि किती वर्षे, हा प्रश्न मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. माझे मत असे की, आज हा दुसरा प्रश्न वेगाच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा आहे.

आधी वेगाचेच पाहू. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० मेगाबाइट वाचते. साटा प्रकारचा एसएसडी ५५० पर्यंत जातो. एनव्हीएमई प्रकारात तिसऱ्या पिढीचा ड्राइव्ह ३,५००, चौथ्या पिढीचा ७,००० आणि पाचव्या पिढीचा १४,००० च्या घरात. जाहिरातीत हेच आकडे मोठ्या अक्षरात असतात आणि त्यांच्या मागचा 'पर्यंत' हा शब्द बारीक अक्षरात. हे आकडे खोटे नसतात. एकच मोठी फाइल सलग वाचली तर ते मिळतात. पण विंडोज सुरू होणे, वर्ड उघडणे, ब्राउझरमध्ये दहा पाने चालू असणे या कामांत ड्राइव्ह हजारो बारीक तुकडे इकडूनतिकडून गोळा करत असतो. अशा कामात ७,००० चा दावा करणारा ड्राइव्हसुद्धा सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास किंवा त्याखालीच घुटमळतो, आणि ३,५०० वालाही त्याच्या फार मागे नसतो. शंभर मीटर धावण्याच्या वेळेवरून माणूस भाजी मंडईत किती भरभर चालेल हे ठरवण्यासारखा हा प्रकार आहे.

हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येताना जो फरक जाणवतो तो खरा आहे. डिस्कची सुई योग्य जागी पोचायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ घेते, एसएसडीला त्याचा शंभरावा भाग पुरतो. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क काढून साधा साटा एसएसडी बसवला की तो नवा झाल्यासारखा वाटतो तो यामुळेच. त्यापुढचा वेग मात्र बहुतेकांच्या कामात दिसत नाही.

एक अपवाद सांगितला पाहिजे. मोठ्या फाइली सतत लिहिणाऱ्यांना वेग लागतो, पण त्यांनी छापलेला वेग पाहून उपयोग नाही. स्वस्त एसएसडीमध्ये एका पेशीत चार बिट कोंबलेले असतात, त्याला क्यूएलसी म्हणतात. असे लिखाण मुळात संथ असते. म्हणून ड्राइव्ह थोडी जागा राखून तिथे एका पेशीत एकच बिट झटपट लिहून घेतो आणि नंतर सवडीने ते नीट लावतो. ही राखीव जागा असेतो वेग झकास. ती भरली की काही ड्राइव्ह सेकंदाला १०० मेगाबाइटवर येतात, म्हणजे पुन्हा हार्ड डिस्कच. सीटी स्कॅनच्या एकेका तपासणीत शेकडो, कधी हजारावर प्रतिमा असतात. अशा पन्नास तपासण्या कॉपी करायला घेतल्यावर पहिली मिनिटे भुर्रकन जातात आणि मग पट्टी जागची हलत नाही, त्याचे बऱ्याचदा हे कारण असते. ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर ही राखीव जागाही आक्रसते.

एकाच नावाच्या लॅपटॉपमध्येही फरक असतो. ॲपलचा २०२२ चा एम२ मॅकबुक एअर २५६ जीबीमध्ये घेतला तर त्यात साठवणीची एकच चिप होती; आधीच्या एम१ मध्ये दोन होत्या. दोन चिपांवर एकाच वेळी काम वाटून देता येते, एकीवर नाही. त्यामुळे नव्या यंत्राच्या ड्राइव्हचा वाचनवेग जुन्याच्या सुमारे निम्मा निघाला. टीका झाली आणि २०२४ च्या एम३ एअरमध्ये दोन चिपा परत आल्या. खोक्यावर दोन्हीकडे '२५६ जीबी एसएसडी' एवढेच लिहिलेले.

आता फर्मवेअर. एसएसडी म्हणजे नुसता चिपांचा गठ्ठा नव्हे, तो स्वतः एक छोटा संगणक आहे. त्यात प्रोसेसर असतो आणि त्यावर चालणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. फ्लॅश चिपमधली प्रत्येक पेशी थोडासा विद्युतभार धरून ठेवते; तो भार किती आहे यावरून आत कोणता आकडा आहे ते ओळखायचे. पेशी ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येते आणि धरलेला भार काळानुसार हळूहळू गळतो. मग कुठला डेटा कुठे ठेवला याचा नकाशा सांभाळणे, झीज सगळ्या पेशींवर सारखी वाटणे, चुका दुरुस्त करणे, खराब भाग बाजूला काढणे हे सगळे फर्मवेअर करते. मूळ सामग्री बऱ्यापैकी नाशवंत आहे आणि ती भरवशाची वाटते ती या प्रोग्रॅममुळे.

म्हणूनच तो चुकला की चमत्कारिक लक्षणे दिसतात. क्रुशल कंपनीचा एम४ हा एके काळी लोकप्रिय ड्राइव्ह. ५,१८४ तास वापर झाला की संगणक गोठायचा. पुन्हा सुरू केला की तासभर ठीक, परत गोठायचा. जानेवारी २०१२ मध्ये नवे फर्मवेअर आले आणि तोच ड्राइव्ह बरा झाला. रोज आठ तास वापरणाऱ्याला हा त्रास पावणेदोन वर्षांनी सुरू होणार, म्हणजे दुकानदार म्हणणार व्हायरस असेल, फॉरमॅट मारू.

इंटेलच्या ३२० मालिकेत २०११ मध्ये अचानक वीज गेल्यावर काही ड्राइव्ह आपली क्षमता फक्त ८ मेगाबाइट असल्याचे सांगू लागले. सॅमसंगच्या ८४० इव्होमध्ये २०१४ साली उलटाच प्रकार दिसला. नवीन फाइली झटपट उघडत, महिनोन्‌महिने पडून असलेल्या फाइली मात्र अतिशय संथ. जुन्या पेशींतला भार सरकला होता आणि फर्मवेअर त्याचा अंदाज नीट घेत नव्हते. ऑक्टोबर २०१४ मध्ये दुरुस्ती आली, पण काही महिन्यांत तक्रार पुन्हा डोके वर काढू लागली. एप्रिल २०१५ च्या दुसऱ्या दुरुस्तीत ड्राइव्हने जुना डेटा अधूनमधून स्वतःहून पुन्हा लिहावा अशी सोय केली गेली. रोगाचे मूळ चिपमध्येच होते. फर्मवेअरने ते आटोक्यात ठेवले. मधुमेहाच्या गोळ्यांसारखे.

अलीकडची उदाहरणे आणखी बोलकी आहेत, कारण हे ड्राइव्ह वेगाच्या तुलनेत पहिल्या रांगेत होते. सॅमसंगच्या ९८० प्रोच्या एका फर्मवेअरमुळे काही ड्राइव्हमध्ये चुका वाढत जाऊन ते फक्त वाचण्यापुरते उरत होते. २०२३ च्या सुरुवातीला हे सगळीकडे गाजले. नवे फर्मवेअर घातल्याने पुढचा धोका टळत होता, पण आधीच गेलेला ड्राइव्ह परत येत नव्हता. त्याच सुमारास ९९० प्रो आपली प्रकृती भलत्याच वेगाने खालावत असल्याचे दाखवू लागला. त्यालाही फेब्रुवारी २०२३ मध्ये दुरुस्ती आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ ची नवी आवृत्ती आली आणि वेस्टर्न डिजिटलच्या दोन टीबीच्या एसएन७७० व एसएन५८० या ड्राइव्हवर संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले. या ड्राइव्हना स्वतःची स्मृती नसते, ते लॅपटॉपची रॅम थोडी उसनी घेतात. पूर्वी विंडोज त्यांना ६४ मेगाबाइट देत असे, नव्या आवृत्तीने मागितलेले २०० दिले आणि गोंधळ झाला. इलाज पुन्हा नवे फर्मवेअर.

या सगळ्या कंपन्यांनी दुरुस्ती दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. चूक कोणाकडूनही होते, औषधांतही होते. ती सापडल्यावर कळवणारी आणि सुधारणारी यंत्रणा आहे की नाही, हा खरा प्रश्न. आणि इथेच लॅपटॉप घेणारा माणूस अडचणीत येतो.

बाजारातून सुटा एसएसडी घेतला तर त्याच्या कंपनीचे सॉफ्टवेअर उतरवून फर्मवेअर बदलता येते. लॅपटॉपमध्ये आधीपासून बसवून येणारा ड्राइव्ह मात्र बहुधा लॅपटॉप कंपनीला ठोक पुरवलेला असतो. त्याचे मॉडेल वेगळे, फर्मवेअर वेगळे. सॅमसंगचे मॅजिशियन नावाचे सॉफ्टवेअर अशा ठोक पुरवलेल्या ड्राइव्हचे फर्मवेअर बदलत नाही. चिप बनवणारा म्हणतो, लॅपटॉपवाल्याला विचारा. लॅपटॉप कंपनीच्या फोनवर बसलेल्या मुलाला तुमच्या यंत्रात कोणाचा ड्राइव्ह आहे हेच ठाऊक नसते, कारण एकाच मॉडेलमध्ये ती कंपनी तीन-चार पुरवठादारांचे ड्राइव्ह आलटूनपालटून बसवते. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझलाही ३२,७६८ तासांचा दोष ड्राइव्ह बनवणाऱ्याकडून कळला होता. तिथे ग्राहक मोठमोठ्या संस्था होत्या, म्हणून निरोप शेवटपर्यंत पोचला. आपल्या घरातल्या लॅपटॉपपर्यंत तो कोण पोचवणार?

सुट्या ड्राइव्हच्या बाजारातही सगळे आलबेल नाही. २०२१ मध्ये क्रुशलच्या पी२ मध्ये टीएलसी चिपांच्या जागी क्यूएलसी आल्या, वेस्टर्न डिजिटलच्या ब्लू एसएन५५० मधल्या चिपा बदलल्या. राखीव जागा भरल्यावरचा वेग दोन्हींत चांगलाच घसरला. नाव मात्र तेच. परीक्षणे वाचून घेतलेली वस्तू आणि हातात पडलेली वस्तू वेगळी. आमच्या क्षेत्रात याचे जवळचे भावंड आहे. औषधाचे ब्रँडनाव तसेच ठेवून आतले घटक बदलणे हा प्रकार भारतात झालेला आहे आणि डॉक्टरांनी त्याविरुद्ध अनेकदा आवाज उठवला आहे. तरी औषधाच्या पट्टीवर घटकाचे नाव, मात्रा, बॅच नंबर आणि मुदत छापावीच लागते. लॅपटॉपच्या खोक्यावर '५१२ जीबी एसएसडी' लिहिले की काम भागते.

वैद्यकीय उपकरणांत फर्मवेअर सुधारण्याचे काम कसे होते याचे एक उदाहरण देतो. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत ॲबट कंपनीच्या सुमारे ४,६५,००० पेसमेकरचे फर्मवेअर बदलण्याची मोहीम निघाली. सायबर सुरक्षेतली त्रुटी हे कारण. रुग्णाने दवाखान्यात यायचे, बाहेरूनच तीन मिनिटांत काम उरकायचे. तेवढा वेळ पेसमेकर मिनिटाला ६७ ठोक्यांच्या राखीव पद्धतीवर चालणार. बदल करताना बिघाड होण्याची थोडी शक्यता होती, तीही लेखी सांगितली गेली. डॉक्टर आणि रुग्णाने धोका-फायदा बोलून ठरवावे, असा सल्ला अन्न व औषध प्रशासनाने दिला. कोणत्या मॉडेलला, कोणत्या दोषासाठी, काय धोका पत्करून, हे सगळे जाहीर होते. लॅपटॉपला पेसमेकरचे नियम लावा असे मी म्हणत नाही. पण मॉडेल, दोष आणि उपाय एवढे तीन रकाने सार्वजनिक ठेवायला काय हरकत आहे?

आपल्याकडे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे त्याचा समन्वय आहे. त्यात उणिवा आहेत, नोंदी कमी येतात, हे आम्हा सरकारी डॉक्टरांना पुरते ठाऊक आहे. पण नोंद पाठवायला जागा तरी आहे. उपभोक्ता वस्तूंच्या बाबतीत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल २०२२ मध्ये सुरू केले. दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला, त्यातल्या निकषांत सॉफ्टवेअर सुधारणाही आहेत. सुरुवात मात्र स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून. लॅपटॉप त्यात लवकर यावा आणि 'सॉफ्टवेअर' या शब्दात ड्राइव्हचे फर्मवेअरही धरले जावे. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होतो आहे. त्यात सुरक्षेच्या सुधारणा सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे द्याव्या लागतील. तिथे विकायचे म्हणून ज्या कंपन्या ते करतील, त्यांना इथेही करायला सांगणे फार अवघड नसावे.

फर्मवेअर बदलू नका, चालते आहे तर हात लावू नका, असाही एक सल्ला ऐकू येतो. तो अगदीच चुकीचा नाही. बदल होत असताना वीज गेली तर ड्राइव्ह निकामी होऊ शकतो, आणि आपल्याकडे वीज जाणे काही नवलाचे नाही. पण दोष जाहीर झाल्यावर हात न लावणे म्हणजे रक्तदाब मोजायचाच नाही असे ठरवण्यासारखे. बदलामागचे कारण वाचावे, डेटाची प्रत आधी बाजूला काढावी, बॅटरी भरलेली आणि चार्जर जोडलेला असावा, विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी, आणि मग बदल करावा. ही की हाताशी नसल्याने स्वतःच्याच लॅपटॉपबाहेर अडकलेले लोक मी पाहिले आहेत.

खरेदीच्या वेळी दुकानात उभे राहूनच कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचे सपोर्टचे पान उघडा. त्यात साठवणीच्या शीर्षकाखाली ड्राइव्हचे फर्मवेअर दिले आहे का, शेवटचे कधी दिले, तीन वर्षे जुन्या मॉडेलला अजून मिळते का, ते पाहा. व्यवसायासाठीच्या मालिकांत हे बऱ्याचदा सापडते, घरगुती स्वस्त मालिकांत कमी. माझ्या मते दोन हजार रुपये जास्तीच्या वेगावर घालण्यापेक्षा इथे घालावेत. ड्राइव्ह काढून दुसरा बसवता येतो का, हेही विचारा. मदरबोर्डवरच डकवलेला असेल तर बोर्ड गेला की डेटा गेला असे समजून चाला. लिनक्स वापरणाऱ्यांना एलव्हीएफएस या सामायिक सेवेतून अनेक कंपन्यांचे फर्मवेअर एका आज्ञेत मिळते. विंडोजवाल्यांना एवढी सरळ सोय नाही, ही खेदाची गोष्ट.

घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. ड्राइव्हचे खरे मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती, चाललेले तास आणि दुरुस्त न झालेल्या चुका त्यात दिसतात. हे सगळे लिहून ठेवा. मात्र प्रकृती शंभर टक्के दिसली म्हणून निर्धास्त राहू नका. टोरांटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गुगलच्या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये गुगलच्या सर्व्हरमधल्या दहा मॉडेलच्या ड्राइव्हचा सहा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी बदलण्याची वेळ कमी येते, पण पहिल्या चार वर्षांत मॉडेलनुसार २० ते ६३ टक्के ड्राइव्हमध्ये दुरुस्त न होणारी एखादी तरी चूक आढळली. शिवाय किती लिहिले यापेक्षा ड्राइव्हचे वय त्रुटींशी अधिक जोडलेले दिसले. हार्ड डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा खडखडते, संथ होते, दोन दिवस देते. एसएसडी पुष्कळदा झोपेतच जातो, आणि त्याच्यातून डेटा काढणे तज्ज्ञांनाही हार्ड डिस्कपेक्षा अवघड पडते. थिसिसची दुसरी प्रत दुसऱ्या उपकरणावर आणि तिसरी दुसऱ्या ठिकाणी ठेवा. रुग्णांची माहिती असेल तर ती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली; वॉरंटीत परत दिलेला ड्राइव्ह कोणाच्या हातात पडेल हे सांगता येत नाही.

राहता राहिला कपाटातला जुना लॅपटॉप. घरगुती एसएसडीच्या मानकानुसार, लिखाणाची मर्यादा संपत आलेल्या ड्राइव्हने विजेविना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष डेटा टिकवावा अशी अपेक्षा असते. ड्राइव्ह नवा असेल तर तो बराच जास्त टिकवतो, उष्णता वाढली की कमी. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या बंद खोलीत ३० अंश कुठले? मुलांचे लहानपणचे फोटो अशा लॅपटॉपमध्ये पडून असतील, तर या रविवारी तो चार्जरला लावा आणि ते दुसरीकडे उतरवून घ्या.